तेल-सोड्याचा साबण : छंदापासून विक्रीपर्यंत जाताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले वर्षभर आपण तयार सोप बेस वितळवून, त्यात रंग व सुगंध मिसळून साबण करता. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ते आवडले आहेत. आणि आता तेल व कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड; पुढे मी त्याला नुसता सोडा म्हणेन) यांपासून स्वतः साबण करून येत्या दिवाळीच्या प्रदर्शनात तो विकावा, असे आपल्या मनात आहे. सुरुवात कोणत्या साबणापासून करावी, परवाना लागतो का, भांडवल किती लागेल आणि किंमत कशी ठरवावी, हे आपण विचारले आहे. आपण चिपळूणला राहता, हे आपण केवळ ओघात लिहिले आहे. परंतु माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. दिवाळीत विकायचा साबण सुकण्यासाठी किमान सहा आठवडे धरले, तर तो श्रावणाच्या आसपास ओतावा लागतो आणि कोकणात साबण सुकवण्यासाठी त्याहून प्रतिकूल काळ वर्षात दुसरा नाही. म्हणून तांत्रिक बाजू समजावून सांगताना मी हवामानाकडे पुन्हा पुन्हा वळेन.

तेलात सोड्याचे पाणी मिसळले की तेलातील मेदाम्ले सोड्याशी जोडली जाऊन साबण होतो आणि ग्लिसरीन सुटे होते. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून स्वतंत्रपणे विकले जाते. हातच्या साबणात ते वडीतच राहते, त्यामुळे वडी त्वचेला मऊ लागते आणि त्याच कारणाने ती हवेतील ओलावाही ओढून घेते. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला ०.१३५, कोकमाच्या तेलाला साधारण तेवढाच आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. या आकड्यांवरून येणाऱ्या एकूण सोड्यातून पाच टक्के वजा करावेत, म्हणजे थोडे तेल साबण न होता वडीत शिल्लक राहते. तेच आपले सुरक्षेचे अंतर असते.

आपण विचारलेल्या सुरुवातीच्या साबणासाठी मी पुढील मिश्रण सुचवते. खोबरेल तेल ३५० ग्रॅम, पोमेस ऑलिव्ह तेल (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेले तेल) ४०० ग्रॅम, कोकमाचे घट्ट तेल १५० ग्रॅम आणि एरंडेल १०० ग्रॅम, असे एकूण एक किलो तेल घ्यावे. वरच्या आकड्यांनी हिशेब केला तर १५१ ग्रॅम सोडा येतो आणि पाच टक्के वजा करून तो सुमारे १४३ ग्रॅम राहतो. पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे २८६ ग्रॅम घ्यावे. हा हिशेब स्वतः कागदावर करावा आणि नंतर इंटरनेटवरील एखाद्या लाय कॅल्क्युलेटरवर, म्हणजे तेलांना लागणारा सोडा काढून देणाऱ्या गणकावर, ताडून पाहावा. दोन्हींत फरक पडला तर तो का पडला हे कळल्याखेरीज सोड्याचा डबा उघडू नये. हिशेबाचे महत्त्व एका उदाहरणाने लक्षात येईल. समजा, खोबरेल संपले म्हणून त्याऐवजीही ऑलिव्ह तेलच घेतले आणि सोडा मात्र १४३ ग्रॅमच ठेवला. नव्या मिश्रणाला मुळात १३४ ग्रॅम सोडाच लागतो. म्हणजे पाच टक्क्यांचे सगळे अंतर संपून वर नऊ ग्रॅम मोकळा सोडा वडीत राहील आणि ती वडी त्वचा जाळेल. दिसायला ती उत्तम वडीसारखीच दिसते, ही त्यातील खरी धोक्याची गोष्ट आहे. त्यामुळे तेल बदलले, अगदी एकच तेल बदलले, तरी सोडा नव्याने मोजावा. सर्व वस्तू, पाणीसुद्धा, वजनानेच घ्याव्यात. कप, वाट्या आणि मिलिलिटर यांना या कामात जागा नाही.

या चार तेलांपैकी प्रत्येकाचे काम निराळे आहे. खोबरेल तेलात निम्म्याच्या जवळपास लॉरिक आम्ल असते. त्यामुळे भरपूर फेस येतो आणि वडी टणक होते, पण त्याचे प्रमाण फार वाढवले तर त्वचा कोरडी पडते. ऑलिव्ह तेल सौम्यपणा देते. एरंडेल फेस टिकवते, मात्र दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर वडी चिकट व मऊ राहते. कोकमाचे तेल, म्हणजे आपल्याकडे भेगाळलेल्या टाचांना लावतात ते मुठेल किंवा भिरंडेल, हे स्टिअरिक व ओलेइक आम्लांनी भरलेले असल्याने वडीला टणकपणा देते आणि पाण्यात लवकर झिजू देत नाही. बाहेरचे लोक दुरून मागवतात ती वस्तू तुम्हाला घराजवळ मिळते. तिचा उपयोग अवश्य करावा. घरगुती पद्धतीने काढलेल्या मुठेलाला स्वतःचा वास आणि तपकिरी छटा असते, त्यामुळे पांढरी शुभ्र वडी हवी असेल तर शुद्ध केलेले कोकम बटर घ्यावे लागते. मला स्वतःला कच्च्या मुठेलाची हस्तिदंती छटा अधिक आवडते.

सूर्यफूल, सोयाबीन आणि करडई ही तेले स्वस्त व सहज मिळणारी असली, तरी विक्रीच्या साबणात ती मुख्य तेल म्हणून वापरू नयेत. त्यांतील लिनोलेइक आम्ल हवेने लवकर खवट होते आणि दोन-चार महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके उठतात. दमट हवा आणि लोखंड किंवा तांब्याचा स्पर्श यांनी हे ठिपके अधिक लवकर येतात. शेंगदाण्याचे आणि राइस ब्रॅन तेल मधल्या प्रतीचे आहे. थोड्या प्रमाणात चालते. २०२५ मध्ये खोबरेल तेलाचे भाव फारच चढले, तेव्हा अनेकांनी ते कमी करून स्वस्त तेल वाढवण्याचा मार्ग धरला. तसे करावे लागले तर वडीचे आयुष्य कमी होणार हे गृहीत धरून ती लवकर विकली जाईल एवढीच करावी.

आता सोडा. या छंदातील एकमेव खरोखर धोकादायक वस्तू ती हीच, म्हणून या ठिकाणी थोडे थांबते. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा असतो, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नसते. उलट केले तर पाणी एकदम उकळून अंगावर उडते. विरघळताना द्रावणाचे तापमान ८०-९० अंशांपर्यंत चढते आणि नाकाला झोंबणारी वाफ येते, म्हणून हे काम उघड्या खिडकीजवळ किंवा गॅलरीत करावे. पाणी थंडगार घेतले तर हा चढ पुष्कळ सौम्य होतो. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची असावीत. अॅल्युमिनियमच्या पातेल्याशी सोड्याची प्रक्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो आणि पातेले खाऊन जाते. काचेचे भांडे वारंवारच्या उष्णतेने एखादे दिवशी तडकते. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायांत बंद चपला किंवा बूट, एवढे झाल्याशिवाय वजनकाटा सुरू करू नये.

आपल्या घरांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सोड्याचे द्रावण थंड झाले की ते अगदी पाण्यासारखे दिसते. ते कधीही लोट्यात, पेल्यात, पाण्याच्या बाटलीत किंवा घरातील कोणी सवयीने उचलून तोंडाला लावेल अशा कोणत्याही भांड्यात करू नये आणि क्षणभरही ओट्यावर एकटे सोडू नये. त्यासाठी वेगळ्या रंगाचे, झाकणाचे, मोठ्या अक्षरांत लिहिलेले भांडे ठेवावे आणि साबणाची सर्व भांडी स्वयंपाकापासून कायमची वेगळी करावीत. त्वचेवर थेंब उडाला तर तो भाग वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावा. व्हिनेगर त्वचेवर ओतू नये. ते फक्त नंतर ओटा पुसण्यासाठी आहे. डोळ्यात गेले तर सलग पंधरा मिनिटे तरी पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे. लहान मुले आणि मांजर घरात मोकळी असताना हे काम करूच नये.

सोडा घेताना डब्यावर शुद्धतेची टक्केवारी छापलेली आहे हे पाहावे. नाली साफ करण्यासाठी मिळणाऱ्या पुड्यांत कधी कधी अॅल्युमिनियमचे कण किंवा इतर पदार्थ असतात. त्या वापरू नयेत. डबा उघडा राहिला तर सोडा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, गोळे धरतो आणि त्याची ताकद उतरते. मग काट्यावर १४३ ग्रॅम दाखवले तरी प्रत्यक्षात सोडा कमी पडतो आणि वडी तेलकट, मऊ होते. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात मोठा डबा आणण्यापेक्षा अर्ध्या किलोचे सीलबंद डबे आणावेत आणि फोडलेला डबा घट्ट झाकून लवकर संपवावा.

प्रत्यक्ष कृती लांबलचक नाही. कोकमाचे तेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते आधी मंद आचेवर पूर्ण वितळवून मग त्यात बाकीची तेले मिसळावीत. तेल आणि सोड्याचे द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आले की द्रावण तेलात गाळून ओतावे आणि हँड ब्लेंडर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा फिरवावा. मिश्रण ताकासारखे दाट झाले आणि ब्लेंडर उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ क्षणभर वर दिसू लागली की त्याला ट्रेस आला असे आम्ही म्हणतो. येथे कोकमाच्या तेलामुळे नवशिक्याची फसगत होऊ शकते. तेल ३५ अंशांच्या खाली गेले असेल तर कोकमातील घट्ट भाग गोठू लागतो, मिश्रण दाट दिसते आणि ट्रेस आला असे वाटते, परंतु सोडा व तेल अजून जुळलेले नसतात. असे मिश्रण साच्यात काही तासांनी फुटते. खाली सोड्याचे पाणी आणि वर तेल दिसते. बोटांमध्ये, अर्थात हातमोज्यासह, थेंब चोळून पाहावा. तो रवाळ लागला तर भांडे कोमट पाण्यात ठेवून पुन्हा ब्लेंडर फिरवावा. खरा ट्रेस गुळगुळीत असतो.

साच्यात ओतलेला साबण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कापण्याइतका घट्ट होतो. या काळात तो आतून तापतो. मे महिन्याच्या उकाड्यात, विशेषतः दूध, मध किंवा साखर घातली असेल तर, तो इतका तापू शकतो की मधोमध भेग पडून मिश्रण वर येते. अशा वेळी साचा झाकू नये, पंख्याखाली ठेवावा. दुधाचा साबण करायचा असेल तर दूध बर्फासारखे गोठवून त्यावर सोडा थोडा थोडा टाकावा. नाहीतर दुधातील साखर करपून तपकिरी रंग आणि अमोनियासारखा वास येतो. पहिल्या वर्षात दूध, फळांचा गर, मध यांच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापलेल्या वड्या सुकवणे, म्हणजे क्युअरिंग, हा या कामाचा सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सोडा आणि तेल यांची प्रक्रिया पहिल्या दोन-तीन दिवसांतच जवळजवळ पूर्ण होते. पुढचे चार ते सहा आठवडे जादा पाणी उडून जाण्यासाठी आणि वडीची घडण पक्की होण्यासाठी असतात. लवकर वापरलेली वडी न्हाणीघरात चार दिवसांत लिबलिबीत होते आणि ग्राहक पुन्हा येत नाही. कालावधी कॅलेंडरवरून न ठरवता काट्यावरून ठरवावा. प्रत्येक खेपेतील दोन वड्यांवर खूण करून त्या दर आठवड्याला तोलाव्यात आणि वजन वहीत लिहावे. कापताना ११८ ग्रॅम असलेली वडी उतरत उतरत १०० ग्रॅमच्या आसपास येते. लागोपाठ दोन आठवडे वजनात एक ग्रॅमहूनही कमी फरक पडला की ती तयार झाली. पुण्या-नाशिककडे मार्चमध्ये ओतलेली वडी महिन्यात या टप्प्याला येते. चिपळूणला जुलैमध्ये ओतलेली वडी दोन महिन्यांनीही येईलच असे नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली असते आणि ग्लिसरीन उलट त्या हवेतूनच पाणी खेचते. सकाळी वड्यांवर घाम आल्यासारखे थेंब दिसतात ते यामुळेच. ते पुसले तरी पुन्हा येतात.

यावर माझा उपाय सरळ आहे. दिवाळीचा साबण एप्रिल आणि मे महिन्यांत ओतावा. पावसाळा सुरू होईपर्यंत वडीतील बहुतेक पाणी उडालेले असते. मग ती झाकणाच्या डब्यांत, कागदाच्या थरांत, कोरड्या खोलीत ठेवून पावसाळ्यातून पार करावी. जूननंतर ओतावेच लागले तर पाणी कमी घ्यावे, सोड्याच्या दुप्पट न घेता दीडपट. मात्र त्यामुळे ट्रेस लवकर येतो आणि हाताला वेग लागतो, म्हणून हे सरावानंतरच करावे. सुकवण्याच्या खोलीत डिह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढून घेणारे यंत्र) किंवा काही तास वातानुकूलक चालवल्याने मोठा फरक पडतो, पण त्याचे वीजबिल वडीच्या किमतीत धरायला विसरू नये. वड्या बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या जाळीवर, एकमेकींना न चिकटवता ठेवाव्यात. लोखंडी रॅकवर ठेवल्या तर गंजाचे डाग पडतात आणि तेथूनच खवटपणा सुरू होतो. घाम येतो म्हणून अनेक जण ओली वडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकतात. सोप बेसच्या बाबतीत तेच योग्य असते, परंतु तेल-सोड्याच्या वडीत त्यामुळे ओलावा आत कोंडतो.

वडी सुरक्षित आहे का, हे पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. दोन-तीन दिवसांनी वडीवर ओले बोट फिरवून ते जिभेच्या टोकाला निमिषभर लावावे. विजेचा बारीक झटका बसल्यासारखे झाले तर सोडा शिल्लक आहे. पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) मोजण्याच्या कागदी पट्ट्या साबणावर विश्वासार्ह ठरत नाहीत, आणि अल्कली ओळखण्यासाठी वापरतात त्या फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब गुलाबी झाला म्हणून वडी बिघडली असेही नाही, कारण चांगल्या साबणाचा पीएच मुळातच नऊ ते दहा असतो. ५.५ पीएच असलेली वडी हा तेल-सोड्याचा साबण असूच शकत नाही. ती वेगळ्या जातीच्या धुण्याच्या द्रव्यांची असते. ग्राहक हे विचारतात, तेव्हा त्यांना असेच सांगावे. ‘तुम्ही सोडा वापरता का’ हा प्रश्नही नेहमी येतो. सोड्याशिवाय साबण होत नाही, मात्र नीट मोजलेल्या वडीत सोडा शिल्लक राहत नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे. आपल्या मालाला केमिकलविरहित म्हणून विकू नये. ते खरे नाही.

सुगंधासाठी तेलाच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के मात्रा धरावी आणि विकत घेताना पुरवठादाराकडून आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचे, म्हणजे इफ्राचे, प्रमाणपत्र मागावे. अंगाला लावून धुवून टाकायच्या साबणाची तेथे नववी वर्गवारी आहे. त्या रकान्यातील मर्यादा ओलांडू नये. लवंगेच्या आणि दालचिनीच्या तेलाने मिश्रण भांड्यातच दगड होते. व्हॅनिला असलेला सुगंध वडीला तपकिरी करतो. संत्रे-लिंबू यांचे वास पाच महिने टिकणार नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात ओतून दिवाळीत विकण्याच्या साबणासाठी वाळा, पाचोळी किंवा चंदनाच्या धाटणीचे खोल वास घ्यावेत. अभ्यंगस्नानाच्या निमित्ताने उटण्याचा साबण पुष्कळ मागितला जातो. नागरमोथा, आंबेहळद, कचोरा यांची पूड घालायची तर ती मैद्यासारखी वस्त्रगाळ करून किलोभर तेलाला दोन लहान चमचे एवढीच घालावी, नाहीतर अंगाला ओरखडे येतात. हळदीबद्दल एक इशारा द्यायला हवा. हळद आणि चुना यांपासून कुंकू होते, त्याच कारणाने सोड्यात पडलेली हळद लालभडक होते. वडी सुकत जाते तशी ती नारिंगी-पिवळसर होऊ लागते, पण ताज्या हळदीचा रंग तिला येत नाही. वरून रोवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या काही दिवसांत काळपट पडतात. छायाचित्रात त्या शोभतात, दुकानात शोभत नाहीत.

पाण्याविषयी एक मुद्दा. चिपळूणचे पाणी मृदू असेल, पण तुमचे ग्राहक संभाजीनगरला किंवा लातूरला बोअरचे पाणी वापरत असतील. जड पाण्यातील कॅल्शियमशी साबण जोडला जाऊन पांढरा साका होतो, फेस मरतो आणि केस राठ होतात. किलोभर तेलाला दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून घातले तर बराच फरक पडतो, मात्र हे आम्ल स्वतः सव्वासहा ग्रॅम सोडा खाते, तेवढा सोडा हिशेबात वाढवावा लागतो. सुकलेली वडी निरनिराळ्या गावांतील पाण्यात वापरून पाहिल्याखेरीज ती महाराष्ट्रभर पाठवू नये.

आता परवाना. अंगाचा साबण भारतात सौंदर्यप्रसाधन धरला जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मधील व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आज सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत आणि विक्रीसाठी साबण बनवणाऱ्याला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. अर्ज कॉस-५ या नमुन्यात होतो, परवाना कॉस-८ या नमुन्यात मिळतो. सोप बेस वितळवून ओतणाऱ्यांचा असा समज असतो की आपण साबण बनवत नाही, फक्त आकार देतो, त्यामुळे परवाना लागत नाही. कायद्यातील उत्पादनाच्या व्याख्येत वस्तूचे रूप बदलणे, सजवणे, बांधणे आणि लेबल लावणे हेही विक्रीसाठी केल्यास येते, म्हणून तो समज चुकीचा आहे.

लहान व्यावसायिकाची खरी अडचण जागेची आहे. उत्पादनाची जागा स्वच्छ, हवेशीर आणि राहत्या घराशी न जोडलेली असावी, अशी अपेक्षा असते; घरातील स्वयंपाकघर त्यात बसत नाही. देखरेखीसाठी पात्र तांत्रिक व्यक्तीही लागते. रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदविका असलेली व्यक्ती घरात किंवा गटात असेल तर तो प्रश्न सुटतो. स्वतःची जागा उभी करणे शक्य नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेण्याचा, म्हणजे लोन लायसन्सचा, मार्ग आहे. त्याचा अर्ज कॉस-६ नमुन्यात असतो. तीन-चार साबणकर्त्या बायकांनी मिळून एक गाळा घेणे मला सर्वांत व्यवहार्य वाटते. बचत गटांना तर हे सहज जमण्यासारखे आहे. लहान उद्योगांसाठी असलेली सरकारची उद्यम नोंदणी मोफत असते आणि ती करून ठेवावी, पण ती म्हणजे साबणाचा परवाना नव्हे. या दोन्हींत गल्लत करणारे पुष्कळ जण प्रदर्शनांतून भेटतात.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, घटकांची यादी आणि तक्रारीसाठी संपर्क हे सर्व असावे लागते. वडी पुढेही थोडी सुकत राहते, म्हणून १०० ग्रॅम भरत असेल तर ९५ ग्रॅम छापावे. रंग घ्यायचे ते भारतीय मानक ४७०७ च्या पहिल्या भागात मान्य असलेलेच. मेणबत्तीचे किंवा रांगोळीचे रंग साबणात घालणे हा ग्राहकाच्या त्वचेशी केलेला अन्याय आहे. ‘इसब जाते’, ‘मुरुम बरे होतात’, ‘सोरायसिसवर गुणकारी’ अशी वाक्ये लेबलवर किंवा मोबाइलवरील जाहिरातीतही लिहू नयेत. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू औषधाच्या कक्षेत जाते आणि त्यासाठी निराळा परवाना लागतो. कडुलिंबाचे किंवा करंजाचे तेल घातले असेल तर घटकांच्या यादीत त्याचे नाव असतेच. ज्याला कळायचे त्याला ते कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. लहान उलाढालीला नोंदणीतून सूट असली तरी परराज्यात माल विकायचा झाल्यास नोंदणी करावी लागते, त्यामुळे गोव्यात किंवा बेळगावला प्रदर्शन लावण्यापूर्वी सनदी लेखापालांना विचारावे.

किमतीचा हिशेब उदाहरणानेच दाखवते. आकडे आपापल्या गावच्या भावाने बदलून घ्यावेत. वरील एक किलो तेलाच्या मिश्रणातून १०० ग्रॅमच्या बारा वड्या होतात. समजा, एका वडीला तेल, सोडा व सुगंध मिळून ४३ रुपये पडले, कागद व लेबल १० रुपये. मोजणे, ओतणे, कापणे, कडा साफ करणे, गुंडाळणे आणि भांडी धुणे याला अडीच तास लागले आणि आपल्या तासाचे १०० रुपये धरले तर वडीमागे २१ रुपये मजुरी आली. वीज, जागा, परवान्याचा वाटा आणि वाया गेलेल्या वड्या यांचे आठ रुपये धरू. एकूण ८२ रुपये झाले. प्रदर्शनात १२० रुपयांना विकली तर ३८ रुपये उरतात आणि त्यांतून स्टॉलचे भाडे जाते. तीच वडी दुकानदार ३५ टक्के सूट घेऊन उचलेल तेव्हा हाती ७८ रुपये येतील, म्हणजे प्रत्येक वडीमागे चार रुपये आपण स्वतःच्या खिशातून घातलेले असतील. मजुरी हिशेबात न धरल्यामुळे हा तोटा अनेकींना दिसतच नाही. धंदा चालल्यासारखा वाटतो आणि दोन वर्षांनी थकून बंद पडतो. मजुरी कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे एकाच प्रकारच्या छत्तीस वड्या एका वेळी करणे, कारण मोजणीला आणि भांडी धुण्याला लागणारा वेळ त्यामुळे तिप्पट होत नाही. दहा प्रकारच्या वड्या करणाऱ्यांना हे साधत नाही. दोन, फार तर तीन साबण ठेवावेत आणि ते दरवेळी तंतोतंत सारखे व्हावेत यासाठी झटावे. प्रत्येक खेपेला क्रमांक देऊन तेलाचा पुरवठादार, वजने, तापमान आणि त्या दिवसाची हवा वहीत नोंदवावी. ग्राहकाने तक्रार केली तर कोणत्या खेपेची वडी आहे हे त्या क्रमांकावरूनच कळते.

छंदासाठी लागणारे भांडवल मोठे नाही. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा, हँड ब्लेंडर, तापमापक, स्टीलची दोन पातेली, सिलिकॉनचा साचा, गॉगल, हातमोजे आणि पहिल्या काही खेपांचे तेल हे सगळे आठ-दहा हजार रुपयांत बसावे. व्यवसायाला मात्र गाळा, परवाना आणि पाच-सहा महिने विक्रीविना पडून राहणारा माल एवढ्यांसाठी पैसे लागतात. त्यातील शेवटची रक्कम लोक विसरतात. एप्रिलमध्ये घेतलेल्या तेलाचे पैसे ऑक्टोबरमध्ये परत येणार असतात, म्हणून हे भांडवल कर्जाऊ घेऊ नये.

या सगळ्याचा विचार करता येत्या दिवाळीच्या प्रदर्शनात आपण तेल-सोड्याचा साबण विकू नये, असे माझे मत आहे. वरचे मिश्रण अर्ध्या किलो तेलाने, म्हणजे सगळी वजने निम्मी करून, आता करायला लागा; एक खेप भर पावसात, एक हिवाळ्यात आणि एक मार्चमध्ये ओता आणि तिन्हींची साप्ताहिक वजने शेजारी शेजारी मांडा. वड्या घरातच वापरा आणि त्यांतील एक वर्षभर तशीच कपाटात ठेवून ठिपके कधी येतात ते पाहा. दरम्यान जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जाऊन जागेचा नकाशा आधी दाखवून घ्या, कारण गाळा भाड्याने घेतल्यानंतर तेथे भिंत, मोरी किंवा दरवाजा हलवावा लागला तर खर्च दुप्पट होतो. परवाना मार्चपर्यंत हाती आला तर विक्रीची पहिली खेप एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ओतता येईल.